आंब्याच्या दोन गाड्या आणि वॉकीटॉकी : हंगामभर वापरून झाल्यावर

आमची बाग पावसच्या पुढे, पूर्णगडच्या अलीकडच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर. एप्रिल उजाडला की हापूसच्या पेट्या भरून दोन पिकअप संध्याकाळी निघतात आणि पहाटे वाशीच्या बाजारात लागतात. एक गाडी हे चालवतात, दुसरी धाकटे दीर. मी ह्यांच्या शेजारी बसते, कारण बाजारातला हिशेब आणि ठाणे-डोंबिवलीच्या घरगुती गिऱ्हाइकांच्या पेट्या माझ्याकडे असतात. दिरांच्या शेजारी त्यांचा मुलगा. रात्रभर या दोन गाड्यांमध्ये बोलता यावं म्हणून गेल्या हंगामाच्या तोंडावर वॉकीटॉकीची जोडी घेतली. साडेसहा हजार पडले. हंगाम संपला, गणपती येऊन गेले, सेट अजून वापरात आहेत, आणि ओळखीतले बरेच जण विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

हे एका कंपनीबद्दल नाही, या जातीच्या सेटबद्दल आहे. अर्ध्या वॅटचे, 446 मेगाहर्ट्झवर चालणारे, परवाना न लागणारे सेट. या जातीत कुठल्याही कंपनीचा घेतलात तरी ताकद तीच, चॅनल तेच, आणि पल्लाही साधारण तोच. फरक पडतो तो बॅटरीत, बटणात आणि प्लास्टिकच्या मजबुतीत.

पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच असतो, रेंज किती? खोक्यावर आठ किलोमीटरपर्यंत असं छापलंय. ते अंतर मध्ये काहीही आडवं नसताना मिळतं. आपल्याकडे तशी मोकळी जागा म्हणजे एक सडा आणि दुसरं पाणी. या लहरी सरळ रेषेत जातात, डोंगराला वळसा घालून पलीकडे उतरत नाहीत. त्यामुळे मुंबई-गोवा महामार्गावर दर दहा-पंधरा मिनिटांनी रेंज बदलते. महाड ते माणगाव सपाटीला दोन गाड्यांत दोन किलोमीटर अंतर पडलं तरी बोलणं समजतं. परशुराम घाटात मात्र मधे एक वळण आणि कापलेला डोंगर आला की अर्ध्या किलोमीटरवरचा आवाज तुटतो. निवळीहून बावनदीकडे उतरतानाही तेच. कशेडीच्या बोगद्यात दोन्ही गाड्या आत असल्या तर स्वच्छ ऐकू येतं. पुढची बाहेर पडून वळली की मागच्याला नुसती खरखर.

म्हणून माझं स्पष्ट मत असं की हा सेट लांबच्या माणसाशी बोलायचा नाहीच. मागची गाडी आरशात दिसतेय किंवा एका वळणाच्या मागे आहे, तिच्याशी बोलायचा आहे. त्या कामाला याच्यासारखं दुसरं काही नाही. दोन गाड्या पाच-सात किलोमीटर लांब पडल्या की सरळ फोन करावा.

सेट गाडीत कुठे ठेवता याने रेंजमध्ये फार फरक पडतो, हे मात्र कुणी सांगत नाही. पिकअपची केबिन म्हणजे पत्र्याचा डबा, लहरी बाहेर पडतात त्या काचेतून. गिअरजवळच्या खाचेत सेट आडवा टाकला की शेजारच्या गाडीशी बोलतानाही आवाज खोल जातो. तोच डॅशबोर्डवर, काचेला लागून, अँटेना वर करून उभा ठेवला की आवाज खणखणीत. बोलतानाही सेट उभाच धरायचा. आमच्या सेटचा अँटेना काढता येत नाही, त्यामुळे टपावर मोठा अँटेना लावायचा प्रश्नच नाही. जे मिळवायचं ते जागा बदलूनच.

आता फोन असताना हे कशाला, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एका रात्रीची गोष्ट सांगते. बावनदीचा पूल ओलांडून आम्ही संगमेश्वराकडे निघालो होतो. वारा होता. पुढची गाडी आमची. एकाएकी सेटवर दिरांचा आवाज, "वहिनी, थांबा. थांबा. ताडपत्री सुटली, डावीकडची, मागची." ह्यांनी आरशात पाहिलं तर काहीच दिसेना, कारण आरशात गाडीची कड दिसते, मागचं तोंड दिसत नाही. रस्ता रुंद झाल्यावर गाडी कडेला घेतली. मागच्या कोपऱ्याची दोरी गाठीतून निसटली होती, आणि ताडपत्रीचं टोक वरच्या ओळीतल्या पेट्यांवर फडफड आपटत होतं. एका पेटीची वरची पट्टी उचकटली होती, आत पेंढा दिसत होता. आणखी दोन किलोमीटर गेलो असतो तर ती पेटी रस्त्यावर पडली असती, आणि मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या अंगावर गेली असती. पुतण्याने टायरवर पाय देऊन वर चढून दोरी आवळली, दुहेरी गाठ मारली, निघालो.

फोन असता तर? दिरांना एका हाताने नंबर लावावा लागला असता, किंवा मुलाला सांगून लावून घ्यावा लागला असता. तिथे नेटवर्क असेल तर वाजणार. मी तो पिशवीतून शोधून काढणार. नाहीतर त्यांनी हॉर्न दिला असता, डिपर मारले असते, आणि ह्यांना वाटलं असतं की पुढे जायचंय त्यांना. हे सगळं एका बटणावर, दोन सेकंदांत झालं. पुढच्या गाडीला स्वतःचा माल दिसत नाही, मागच्याला तो सबंध रस्ताभर दिसतो. दोन गाड्या जोडीने जातात तेव्हा मागचा हा पुढच्याचा पाठीमागचा डोळा असतो, फक्त त्या डोळ्याला तोंड लागतं.

दुसरा उपयोग मला सुरुवातीला वाटला त्याहून मोठा निघाला. रात्री दोन ते चार ही झोपेची वेळ. त्या वेळी आम्ही साधारण माणगाव-कोलाडच्या पट्ट्यात असतो. मी अधूनमधून बटण दाबून काहीतरी विचारते, डिझेल किती आहे, चहाला वडखळला थांबायचं का. उत्तर काय येतं याला महत्त्व नाही. उत्तर कसं येतं ते मी ऐकते. दिरांचा आवाज जड झाला, शब्द ओढून यायला लागले, की मी ह्यांना सांगते, पुढच्या पंपावर घ्या. मग दोन्ही गाड्या थांबतात, तोंडावर पाणी, अर्धा तास डुलकी. बोलत राहिलं की झोप जाते असा कुणी समज करून घेऊ नये. झोप बोलण्याने जात नाही, ती आवाजात कळते एवढंच, आणि कळली की गाडी उभी करायची.

बटणाबद्दल नीट लिहायला हवं, कारण धोका तिथेच आहे. बटण दाबल्यावर समोरच्याला आवाज पोचायला क्षणभर लागतो. दाबता-दाबताच बोलायला सुरुवात केली तर पहिला शब्द गेला. आणि बोलणं संपता-संपता बोट उचललं तर शेवटचा गेला. आपल्या बोलण्यात "नको" नि "नका" शेवटी येतं. "पुढे काढू नका" यातला "नका" तुटला की मागच्याला ऐकू येतं "पुढे काढू". घाटात याचा परिणाम काय होईल ते सांगायला नको. भोस्त्याच्या घाटात एकदा पुतण्याने "काकू, काय म्हणालात? काढू?" असं विचारलं आणि माझ्या पोटात गोळा आला. तेव्हापासून घरात पक्कं ठरलंय: बटण दाबायचं, मनात एक म्हणायचं, मग बोलायचं, बोलून झाल्यावर पुन्हा एक म्हणून मग सोडायचं. आणि अडवायचं असेल तर "थांबा" हा शब्द आधी, दोनदा. ऐकणाऱ्याने "ऐकलं" म्हणायचंच. "ऐकलं" आलं नाही तर पोचलं नाही असं धरून पुन्हा सांगायचं. त्या रात्री बावनदीला दिरांनी दोनदा "थांबा" म्हटलं ते याच सवयीने.

आणखी एक नियम आम्ही कधीच मोडत नाही. पुढच्या गाडीने मागच्याला "ये, रस्ता मोकळा आहे" असं सांगायचं नाही. समोरून ट्रक येतोय, खड्डा आहे, गुरं बसलीत, डायव्हर्जन उजवीकडे आहे, हे सांगायचं. मोकळं आहे हे सांगायचं नाही. मी बोलेपर्यंत आणि मागची गाडी कंटेनरच्या बाजूने बाहेर येईपर्यंत वळणावरून कोण आलं ते मला काय ठाऊक? ओव्हरटेक ज्याने करायचा त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघून करायचा. बरेच ग्रुपने फिरणारे लोक सेटवरून एकमेकांना ओव्हरटेकला हिरवा कंदील देतात, ते पाहिलं की माझा जीव वरखाली होतो.

चालवणाऱ्याच्या हातात सेट द्यायचा नाही, हेही तितकंच महत्त्वाचं. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनंतर गाडी चालवताना हातात धरायचं संपर्काचं उपकरण वापरणं हा धोकादायक वाहन चालवण्यातच धरलाय. नुसता मोबाइल नव्हे, हातातलं कुठलंही. दंड बाजूला ठेवा, चढावर गिअर बदलताना एका हाताने स्टिअरिंग आणि दुसऱ्या हातात सेट ही कल्पनाच नको. शेजारी माणूस नसेल तर हे सेट घेऊ नका, असं मी सरळ सांगते. आवाज ऐकून बोलू लागणारी सोय यात असते, बटण न दाबता आपोआप सुरू होणारी. गाडीत ती निकामी आहे. हॉर्न वाजला, वायपर घासला, खिडकीतून वारा आला की सेट आपणहून सुरू होतो आणि तेवढा वेळ समोरच्याला बोलता येत नाही. पहिल्याच रात्री बंद केली.

चॅनल सोळा आहेत. त्याशिवाय प्रत्येक चॅनलवर अडतीस उपकोड लावता येतात. उपकोड लावला की आपलं बोलणं खाजगी झालं असं दुकानदारही सांगतात, पण तसं होत नाही. उपकोडाने इतरांचं बोलणं आपल्याला ऐकू येत नाही, इतकंच. आपलं बोलणं उपकोड न लावलेल्या कुणालाही ऐकू जातं. शिवाय त्या चॅनलवर दुसरं कुणी बोलत असेल तर ते आपल्याला कळतच नाही, आणि आपण त्यांच्या बोलण्यावर बोलतो. महामार्गाच्या कामावर एका बाजूची वाहतूक थांबवून दुसरी सोडणारी मुलं असतात, त्यांच्या हातात सेट असतात. एकदा संगमेश्वराच्या पुढे आमच्या चॅनलवर त्यांचं बोलणं यायला लागलं, कुठली बाजू सोडायची वगैरे. मी ताबडतोब दिरांना दुसऱ्या चॅनलवर यायला सांगितलं. त्यांच्या बोलण्यावर समोरासमोर येणाऱ्या गाड्यांचा जीव अवलंबून असतो. म्हणून मी उपकोड लावत नाही. दुसऱ्यांचं थोडं ऐकू आलेलं चालेल, पण चॅनल मोकळा आहे की नाही ते कळलं पाहिजे. आणि सेटवर पैशांचं, पत्त्याचं काही बोलायचं नाही. वाशीला मिळालेला भाव मी सेटवर कधीच सांगत नाही.

परवान्याचं. 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालणाऱ्या कमी ताकदीच्या सेटना 2018 च्या नियमांनी परवान्यातून सूट आहे. वाडीतल्या एकांनी ऑनलाइन याहून स्वस्त आणि दहापट ताकदीचे सेट मागवले, पाच वॅटचे, 400 ते 470 मेगाहर्ट्झमध्ये कुठेही लावता येणारे. त्यांचं म्हणणं, तुमच्यापेक्षा लांब जातं. जातं, हे खरं. पण त्या सेटना परवाना लागतो, आणि चुकून कुणाच्या कामाच्या वारंवारितेवर जाऊन बसलात तर पोलिसांच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या यंत्रणेत अडथळा येतो. 2025 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रीसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली ती याच कारणाने. वॉकीटॉकी कुठल्या पट्ट्यात चालतो आणि परवाना लागतो की नाही हे विकणाऱ्याने दाखवायला हवं. विकत घेताना दोन गोष्टी बघा: वारंवारिता 446.0 ते 446.2 एवढीच आहे ना, आणि दूरसंचार खात्याच्या वायरलेस शाखेची उपकरण-मंजुरी आहे ना. दुकानदाराला सांगता आलं नाही तर दुसरं दुकान.

मिरकरवाड्याला माहेरचे नातेवाईक आहेत, ट्रॉलरवाले. त्यांनी विचारलं, यावरून होडीशी बोलता येईल का? येणार नाही. होडीवरचा व्हीएचएफ, म्हणजे समुद्रावरचा रेडिओ सेट, वेगळ्या पट्ट्यात, त्याचा सोळा नंबरचा चॅनल 156.8 मेगाहर्ट्झवर, आणि तो संकटाच्या हाकेसाठी राखलेला. आमच्या सेटमध्येही सोळा नंबरचा चॅनल आहे म्हणून तो हाच असं कुणी समजू नये. समुद्रावर जाणाऱ्याने समुद्राचाच सेट घ्यावा, तिथे हे खेळणं ठरेल.

तक्रारी आहेत, त्याही सांगते. कमरेच्या पट्ट्याला अडकवायची क्लिप कमकुवत, एका सेटची मे महिन्यातच तुटली. ज्या दुकानातून घेतले तिथे सुटी क्लिप मिळत नाही म्हणाले, अख्खा सेट बदला म्हणाले. एका क्लिपसाठी तीन हजारांचा सेट बदलायचा हे मला पटलेलं नाही. आता तो दोरीने गळ्यात अडकवते. बोलणं संपल्यावर वाजणारी टिक सुरुवातीला बरी वाटते, मध्यरात्री डोक्यात जाते. ती मेनूमधून बंद होते, पण मेनू इतका आत दडलाय की पुतण्यालाच शोधावा लागला. स्क्रीनचा उजेड कमी करता येत नाही, काचेत उमटतो, म्हणून स्क्रीन माझ्याकडे वळवून ठेवावी लागते. चार्जिंगला जुनी बारीक पिन आहे, फोनची चालत नाही. बॅटरी जातानाची रात्र आरामात काढते, परतताना मात्र गाडीत लावावीच लागते. चार्जिंगच्या स्टँडवर जे पितळी टोक असतात त्यांच्यावर आपल्या खाऱ्या हवेत हिरवट थर धरतो, आणि सेट लावला तरी चार्ज होत नाही. आठवड्याने कोरड्या फडक्याने पुसायचे, ओलं फडकं नको. पाण्याच्या शिंतोड्यांना सेट दाद देत नाही, श्रावणात खिडकी उघडी राहून भिजला तरी काही झालं नाही. पण पाण्यात बुडण्याला तो नाही, खोक्यावरचा आयपीचा आकडा, म्हणजे सेट पाणी नि धूळ किती सोसतो ते सांगणारा, बघून घ्या.

गणपतीत डोंबिवलीहून माझा भाऊ, वहिनी आणि मुलं आली, ते चतुर्थीनंतर किनाऱ्याने गुहागरला जायचं म्हणाले. तो रस्ता या सेटसाठी बनवल्यासारखा आहे. आरे-वारेला एक गाडी वरच्या वळणावर आणि दुसरी खाली पुलापाशी असताना मधे फक्त समुद्र, आवाज अगदी कानाशी. जयगडला फेरीबोटीत एकाच गाडीला जागा उरली. भावाची गाडी पलीकडे तवसाळला उतरली, आम्ही धक्क्यावर थांबलो. खाडीच्या त्या काठावरून भाचीने "आत्या, आम्ही पोचलो, इथे चहाची टपरी आहे" म्हटलं ते इतकं स्वच्छ आलं की रांगेतले लोक वळून बघायला लागले. तिथून पुढे हेदवी, वेळणेश्वरच्या बाजूला फोनची रेंज ये-जा करते. रस्ता चुकला, फाटा मागे राहिला, लहान मुलाला उलटी होतेय थांबा, या सगळ्या गोष्टी सेटवरच झाल्या. मुलांच्या हातात सेट दिला तर चॅनल अडून राहतो, हा एक त्रास. त्यांना वेळ ठरवून दिली, मोकळ्या रस्त्यावर त्यांची पाळी, घाट आला की मोठ्यांकडे.

एक गोष्ट मनात आहे ती लिहून टाकते. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडकडची वीज नि फोन दिवसेंदिवस बंद होते. मावशी केळशीला, तिची खबर आम्हाला लागेना. तेव्हा असे सेट असते तरी आमचं बोलणं झालं नसतं, रत्नागिरी ते केळशी हे अर्ध्या वॅटचं काम नव्हे. पण वाडीतल्या वाडीत, खालच्या घराने वरच्या घराला, छप्पर उडालं, औषध हवंय, एवढं सांगता आलं असतं. टॉवर लागत नाही, सिम लागत नाही, चार्ज असला की झालं. म्हणून पावसाळ्यात आमचे सेट कपाटात जात नाहीत. एक आमच्या माजघरात, एक दिरांच्या घरी, दोन्ही चार्ज केलेले.

ज्यांच्या दोन गाड्या जोडीने जातात, शेजारी जागं राहणारं माणूस आहे, त्यांनी घ्यावेत. एकट्या गाडीने जाणाऱ्याला उपयोग शून्य. दहा मोटरसायकलींच्या ग्रुपला पुढचा नि शेवटचा यांच्यात पुरतील का, मला शंका आहे, अंतर फार पडतं. आमची पुढल्या हंगामाला तिसरी गाडी होते आहे, चुलत सासऱ्यांच्या बागेचा माल घेऊन. तिसरा सेट दुसऱ्या कंपनीचा घेणार आहोत, पट्टा तोच असल्यामुळे आमच्याशी बोलेल. फोनच्या पिनेने चार्ज होणारा, अंधुक स्क्रीनचा आणि धातूच्या क्लिपचा बघतेय. कुणाच्या पाहण्यात असेल तर किमतीसकट कळवा.